आयलरच्या फळ्यावर सोळा अंश

तोर्सविगला उन्हाळा कधी सुरू होतो, यावर कॅलेंडरचं आणि आमचं कधीच जमलं नाही. कॅलेंडर म्हणतं, एक जून. एक जूनला आम्ही बहुधा लोकरीचे मोजे घालून खिडकीत बसलेलो असतो आणि समोरच्या पाण्यावरून सरकत येणारा पाऊस बघत असतो. आमचा उन्हाळा आयलर ब्रोडरसन सुरू करायचा. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी गावातले बाप्ये कमरेभर पाण्यात उतरतात, हिवाळाभर गोदामात रचून ठेवलेले लाकडी जेटीचे अठरा तुकडे एकामागून एक जोडतात, थंडीने निळे पडतात, बिअर पितात आणि घरी जातात. आयलर मात्र मागे राहायचा. चौथ्या तुकड्याला दोरीने थर्मामीटर बांधायचा, जेटीच्या तोंडाशी काळा फळा टांगायचा, खिशातून खडू काढायचा आणि लिहायचा: 'पाणी ११ अंश. वारा वायव्य.' की झाला उन्हाळा सुरू. अकरा अंशांत कोण पोहणार, असले प्रश्न आम्ही विचारत नाही. फळा लागला ना, मग छत्र्या बाहेर.

ही जेटी मंडळाची आहे. आमच्याकडे तीन माणसं एकत्र आली की मंडळ काढतात आणि चौथं आलं की घटना लिहायला बसतात. गाव एकशे चाळीस माणसांचं, जेटी मंडळाचे सभासद एकशे बारा. उरलेल्या अठ्ठावीसांचं एका झेंड्याच्या खांबावरून आमच्याशी बिनसलंय, ते सत्तर सालापासून. अध्यक्ष प्रेबेन. त्याला मंडळाची घटना तोंडपाठ आहे, आणि ती इतरांना नाही याचं त्याला खरोखर वाईट वाटतं. मी चिटणीस. म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि कॉफीचं आधण ठेवायचं, यातलं दुसरं काम जास्त जबाबदारीचं.

आणि आयलर? आयलरला पद नव्हतं. त्याला फळा होता.

एकाहत्तर वर्षांचा, दाराच्या चौकटीत बरोब्बर मावणारा माणूस. चाळीस वर्षं वामांची मासेमारी केलेली. पाण्यात खांब ठोकायचे, त्यांना जाळी बांधायची आणि पहाटे जाऊन सोडवायची. हात असे की कॉफीचा कप त्यात बाहुलीच्या भातुकलीतला वाटायचा. बोलायचा कमी. आमचा हिशेब असा की वर्षाला साधारण दीडशे वाक्यं, त्यातली शंभर हवेबद्दल. पण ती शंभर खरी ठरायची. आयलर म्हणाला, 'दुपारी पाऊस', की लोक ऊन पडलेलं असतानाही वाळत घातलेले कपडे काढायचे. आणि फळ्याचं तर विचारूच नका. फळ्यावर आयलरने जे लिहिलं ते पाण्यालाही मान्य असायचं.

त्याची बायको रिग्मोर. तिने दीडशे वाक्यं सकाळच्या नाश्त्याला संपवली असती. एस्के बेटावरची मुलगी. आमच्या दक्षिणेला, टेकाडाच्या पलीकडे, पाण्यात आहे ते बेट. गावातून ते दिसत नाही, टेकाड आडवं येतं. ते दिसतं एकाच ठिकाणाहून. जेटीच्या टोकापासून दोनशे मीटर आत समुद्रात एक वाळूचा दांडा आहे. तिथे पाणी गुडघाभरच. त्या दांड्यावर उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की टेकाड बाजूला होतं आणि एस्के दिसतं: चर्चचा मनोरा, त्याच्या डावीकडे पॉप्लरची रांग, आणि रांगेच्या शेवटी एक पांढरं घर. रिग्मोरच्या बापाचं. विकून तीस वर्षं झाली. आता तिथे कोपनहेगनचे लोक उन्हाळ्यात येऊन राहतात.

रोज सकाळी सात वाजता, मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, रिग्मोर डोक्याला लाल रबरी टोपी घालून जेटीच्या शिडीवरून उतरायची आणि दांड्याकडे पोहत जायची. दांड्यावर उभी राहून, डोळ्यांवर हात आडवा धरून, दहा मिनिटं बघायची. मग गावाकडे वळून हात करायची. जेटीवर टॉवेल घेऊन उभा असलेला आयलरही हात करायचा. मग ती परत. बेकरीवाला ती लाल टोपी दिसली की पाव भट्टीतून काढायचा. तो म्हणायचा, घड्याळ चुकेल, रिग्मोर चुकणार नाही.

एस्केला फेरीबोट जाते, दिवसातून चारदा. मी एकदा तिला म्हटलंही, "अगं, बोटीने जाऊन ये की. पाऊण तासाचा तर प्रश्न."

"बोटीने गेलं की मी तिथे पोचते," ती म्हणाली. "मला पोचायचं नाहीये. तिथे आता माझं कोण आहे? मला बघायचंय."

आयलरने तिला एकदा आपल्या होडीतून दांड्यापर्यंत नेलं होतं. जाताना बोलली नाही, येताना बोलली नाही. रिग्मोर दोन्ही वेळा गप्प, म्हणजे आयलर घाबरलाच. घरी आल्यावर म्हणाली, "ओलं न होता दिसलं ते काही खरं नाही." झालं. परत तो विषय नाही.

ही झाली शेचाळीस वर्षांची रीत. चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये रिग्मोरच्या हृदयाचा एक ठोका मधूनच रजा घ्यायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो समुद्राचा. डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही. दोन गोष्टी पाळा. पाणी अठरा अंशांच्या खाली नको, आणि एकटीने नको.

घरी येईपर्यंत रिग्मोरच्या लक्षात पहिली गोष्ट राहिली होती आणि आयलरच्या लक्षात फक्त दुसरी.

"एकटी कुठे?" रिग्मोर म्हणायची. "तू असतोस की जेटीवर. आणि एवढे समुद्रपक्षी असतात."

आयलर काही बोलायचा नाही. त्याची त्या वर्षीची वाक्यं संपत आली असावीत, असं आम्हाला वाटलं. खरं कारण आम्हाला ठाऊक नव्हतं. ते रिग्मोरलाही ठाऊक नव्हतं. शेचाळीस वर्षं जेटीवर टॉवेल घेऊन उभा राहणारा, सगळा जन्म पाण्यावर काढलेला हा माणूस पाण्यात कधीच उतरला नव्हता. म्हणजे मासेमारीची ती छातीपर्यंतची रबरी विजार घालून उतरला असेल, पायाखाली जमीन आहे तोवर. आयलरला पोहता येत नव्हतं. पूर्वीच्या मासेमारांत असे पुष्कळ होते. म्हणायचे, बुडायचंच तर लवकर आटपावं, उगाच लांबण कशाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी चौदा होतं. दुसऱ्या आठवड्यात सोळा. तेवीस जूनच्या संध्याकाळी किनाऱ्यावर मध्य-उन्हाळ्याच्या सणाची होळी पेटली, गवताची चेटकीण नेहमीप्रमाणे तिच्यात बसवली, सगळ्यांनी नेहमीची गाणी नेहमीच्या बेसूर आवाजात म्हटली, आणि रिग्मोर ज्वाळांकडे बघत म्हणाली, "आता आलंच की अठरा. या आठवड्यात."

तो आठवडा गेला आणि फळ्यावर सोळाच राहिलं.

मग तो जुलै आला. तोर्सविगमध्ये अजून कुणी जुलै म्हटलं की तोच जुलै. सकाळी आठ वाजता डांबर मऊ व्हायला लागायचं. सातूची शेतं समुद्राच्या काठापर्यंत पिवळी झाली, बांधावर खसखशीची लाल फुलं पेटल्यासारखी दिसायला लागली, किनाऱ्यावरच्या रानगुलाबांचा वास दुपारी इतका दाटायचा की मधमाश्याही सावलीत बसायच्या. लोक सायकली घेऊन हिंडत होते, पोरं जेटीवरून दोरीला शिंपल्याचं मांस बांधून खेकडे पकडत होती आणि त्यांच्या शर्यती लावत होती, बायका स्ट्रॉबेरीच्या शेतात ओणव्या होत्या. रात्रीच्या जेवणाऐवजी जो तो थंडगार गोड ताकात बिस्किटं चुरून पीत होता. गावाने सगळं केलं. फक्त पाण्यात गेलं नाही.

कारण फळ्यावर लिहिलं होतं: 'पाणी १६ अंश.' कधी 'साडेपंधरा.' एकदा तर 'साडेसोळा', तेव्हा बरीच चर्चा झाली.

आता तुम्ही म्हणाल, हात घालून बघायचा. घातला ना! ओडेन्सेहून आलेला एक दंतवैद्य पाण्यात पाऊल बुडवून बराच वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "विचित्र आहे. सोळा आहे, पण लागत नाही."

"वारा नाही ना," प्रेबेन समजावून सांगत होता. "वारा नसला की सोळा हे सोळासारखं लागत नाही."

"असं होय!" दंतवैद्य म्हणाला, आणि पाऊल पुसून घरी गेला.

आमच्या लोकांचा हा गुण म्हणा किंवा दुसरं काही म्हणा. लिहून टांगलेल्या गोष्टीवर आम्ही स्वतःच्या कातडीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. त्या महिन्यात तोर्सविगच्या समुद्रात फक्त गाई डुंबत होत्या. पलीकडच्या कुरणातल्या अकरा गाई दुपारभर पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहून समाधानाने रवंथ करायच्या. गाईंना वाचता येत नाही.

आइस्क्रीमच्या टपरीवाली बिर्थे वैतागली होती. "माणूस पोहून वर आला ना, की त्याला आइस्क्रीमची खरी भूक लागते," ती म्हणायची. "हे बसलेत नुसते घाम गाळत. घाम गाळणारा एकच कांडी घेतो आणि तास काढतो."

रिग्मोर मात्र वैतागत नव्हती. ती रोज सातला यायचीच. फळ्यापाशी थांबायची.

"किती?"

"सोळा," आयलर म्हणायचा. खडू हातातच असायचा, आणि नजर वाऱ्याकडे.

"कालही सोळाच होतं."

"काल साडेपंधरा होतं."

"मग वाढतंय तरी."

असं म्हणून ती जेटीच्या टोकाला जाऊन बाकावर बसायची. गावाकडे पाठ. लाल टोपी मांडीवर. एकदा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने पाय शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत सोडले होते, पाण्याला लागतील न लागतील असे.

"मला हे कोमट लागतंय," ती हळूच म्हणाली. "गोळ्यांमुळे असेल. डॉक्टरांना विचारायला हवं." मग बराच वेळ दांड्याकडे बघत राहिली. तिथे पाण्याचा रंग बदलतो, हिरवट निळ्यातून एकदम फिका होतो. "पांढऱ्या घराला यंदा रंग दिला असेल का रे? दर तीन वर्षांनी द्यावा लागतो. खाऱ्या वाऱ्याने पोपडे निघतात. बाबा स्वतः द्यायचे. आता ते लोक देतात की नाही कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "देत असतील."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली.

मी जेटीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. आयलर तिथे टॉवेल घेऊन उभा होता. महिनाभर तो तो टॉवेल रोज आणत होता आणि कोरडाच परत नेत होता.

हे सगळं उघडकीला आणलं ते डाग्नी फ्रॉस्टबाईंनी. त्र्याऐंशी वर्षांच्या. गावातल्या साठीच्या वरच्या प्रत्येकाला त्यांनी लिहायला, वाचायला, पोहायला आणि नाक पुसायला शिकवलेलं. जुलैच्या चौथ्या आठवड्यात त्या काठी टेकत जेटीवर आल्या, फळ्यासमोर थांबल्या, चष्मा लावला.

"हे कुणी लिहिलं?"

"आयलरने," प्रेबेन म्हणाला. "बाई, तुम्ही बसा ना सावलीत."

"आयलर ब्रोडरसन. हं. माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेलं मी तपासल्याशिवाय कधी मान्य केलेलं नाही, आणि आता या वयात सुरुवात करणार नाही." बाईंनी पिशवीतून मुरंब्याच्या पाकात घालायचं लांब थर्मामीटर काढलं. स्ट्रॉबेरीचे दिवस, घरोघरी मुरंबे चालू होते. ते दोरीला बांधून त्यांनी पाण्यात सोडलं, मनात दोनशे मोजले, वर काढलं. मग खडू मागितला. फळ्यावरच्या सोळावर एक तिरकी रेघ मारली आणि बाजूला, पन्नास वर्षांपूर्वी वह्यांवर लिहायच्या त्याच हाताने लिहिलं: 'चूक. २२.'

सगळ्यांत आधी भानावर आली ती बिर्थे. "बावीस?" ती किंचाळली. "आणि मी महिनाभर बर्फ वितळवत बसलेय?" आणि एप्रनसकट पाण्यात उडी मारली. तिच्यामागे दंतवैद्य, त्याच्यामागे सगळं गाव. इतक्या जणांनी एकदम उड्या मारल्या की गाई घाबरून बाहेर आल्या.

रिग्मोर त्या दिवशी जेटीवर नव्हती. गोळ्यांचं विचारायला डॉक्टरांकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रेबेनने मंडळाची विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. कलम सात. जाळ्यांच्या शेडमध्ये बाकं मांडली, मी कॉफी केली, सात प्रकारची बिस्किटं मांडली. आमच्याकडे पाचपेक्षा कमी प्रकार असले तर सभेचे ठराव धरत नाहीत, असं घटनेत नसलं तरी लोक मानतात. आयलर शेवटच्या बाकावर, रिग्मोर त्याच्या शेजारी. तिला घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. ती थर्मामीटर बिघडलं असं समजून आली होती, आणि नवीन घ्यायच्या ठरावाला पाठिंबा द्यायला.

"थर्मामीटर तपासलं," प्रेबेन म्हणाला. "ते बरोबर आहे. त्यामुळे प्रश्न असा उरतो..."

"मी कमी लिहीत होतो," आयलर म्हणाला.

"का?"

आयलर उभा राहिला. शेड त्याच्यासाठी जरा बुटकीच होती. तो प्रेबेनकडे बघून बोलला नाही, वाऱ्याकडेही नाही. बायकोकडे वळला.

"डॉक्टर म्हणाले, एकटीने जायचं नाही. म्हणजे मी बरोबर जायला हवं. आणि मला पोहता येत नाही."

रिग्मोरने ऐकलं. तिच्या हातात बदामाचं बिस्किट होतं, ते तिने हळूच बशीत ठेवलं.

"काय येत नाही?"

"पोहता."

"आयलर, तुला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. एस्केच्या धक्क्यावर. 'पोहतोस ना?' आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, मी मासेमार आहे."

"मग?"

"तू पुढे काही विचारलं नाहीस."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी शेड हसायला लागली. फक्त ती दोघं हसत नव्हती. डाग्नीबाईंनी काठी आपटली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी पोहण्याचा तास, आणि दर गुरुवारी याच्या आईची चिठ्ठी, पोट दुखतंय म्हणून. चिठ्ठ्या तूच लिहायचास, आयलर. तुझ्या आईला शुद्धलेखन येत होतं."

प्रेबेनला अजून ठराव हवा होता. पण रिग्मोर उठली. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मला वाटलं होतं, आणि होताही. पण खाली आणखी काहीतरी होतं.

"शेचाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी दांड्यावरून हात करत होते. ये, ये, म्हणून. मला वाटायचं हा म्हणतोय, 'पुढच्या वर्षी.' आणि हा नुसता टॉवेल हलवत होता."

"मी पण तेच म्हणत होतो," आयलर म्हणाला. "पुढच्या वर्षी."

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं: चर्चा झाली, विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून डाग्नीबाईंनी त्याला शिकवायला घेतलं. त्यांची पद्धत जुनी: आधी कोरड्यात. शेडमध्ये एक दूध काढायचं स्टूल ठेवायचं, त्यावर पोट टेकवून आडवं पडायचं, आणि बेडकासारखे हातपाय मारायचे. एकाहत्तर वर्षांचा, शंभर किलोंचा आयलर त्या स्टुलावर पालथा, आणि समोर बाई काठीने ताल धरून: "खेच, पसर, मार! गुडघे मिटून! कुलीन माणसासारखा पोह!" दारात गर्दी व्हायची. आठवड्याभरात आयलर स्टुलावर असा काही पोहायला लागला की ते स्टूल चालतं असतं तर तो दुपारपर्यंत एस्केला जाऊन आला असता.

पाण्यात मात्र काही केल्या जमेना. कमरेपर्यंत यायचा, छातीपर्यंत यायचा, बाई काठावरून ओरडायच्या, "पाय सोड!" आणि पाय सोडायचा क्षण आला की त्याचे पाय वाळू धरून ठेवायचे, खांबासारखे. त्याचं डोकं ऐकत होतं. पाय ऐकत नव्हते. त्या पायांनी आपल्या बरोबरीची तीन माणसं पाण्याने नेलेली पाहिली होती.

आणि रिग्मोर बाकावर. पाणी आता रोज एकवीस, बावीस, खरंखुरं. पण ती उतरेना. "दोन्ही गोष्टी पाळायच्या," ती म्हणायची. "आता मलाही दुसरी आठवायला लागलीय." गावातल्या कुणाच्याही बरोबर तिला जाता आलं असतं. मी विचारलं, बिर्थेने विचारलं. रिग्मोर म्हणायची, "थँक्यू हं," आणि दांड्याकडे बघत राहायची. ऑगस्ट आला. पाणी एकोणीसवर उतरलं. आता रोज खाली जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सप्टेंबरच्या मध्याला जेटी निघणार होती.

मग पश्चिमेचा वारा धरला. आमच्याकडे भरती-ओहोटी नावालाच. पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्याने. पश्चिमेचा वारा तीन-चार दिवस टिकला की तो आमचं पाणी उचलून पूर्वेला कुठेतरी नेऊन ठेवतो, आणि किनारा हात-दोन हात उघडा पडतो. पहिल्या दिवशी आयलर एक लांब काठी घेऊन होडीतून दांड्यापर्यंत गेला आणि खोली मोजत परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याने गोदामातून जुने मासेमारीचे खांब काढले.

"हे काय चाललंय?" प्रेबेनने विचारलं. "समुद्रात खांब ठोकायला परवानगी लागते."

"इथे जाळं लावायचा परवाना अजून माझ्या नावावर आहे."

"पण तू जाळं लावत नाहीयेस."

"खांब ठोकून झाले की बघू," आयलर म्हणाला. "जाळं लावायचं राहून गेलं असं समज."

त्याने ते खांब ठोकले, जेटीच्या टोकापासून दांड्यापर्यंत, चाळीस वर्षं ठोकले तसेच, होडीत उभं राहून, मोठ्या लाकडी घणाने. त्यांना जाळ्याचा दोर बांधला, दर हातावर बुचाचे तरंगते गोळे. पाणी आता इतकं उतरलं होतं की जवळजवळ सगळा रस्ता चालत जाता येत होता. फक्त मधे एक चर होता, वीस मीटर रुंदीचा. तिथे पाणी आयलरच्या डोक्यावरून बारा सेंटिमीटर जात होतं. त्याने ते तीनदा मोजलं. काठी तीच, आयलर तोच, बारा सेंटिमीटर तेवढेच.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता फळ्यावर लिहिलं होतं: 'पाणी १९ अंश. वारा पश्चिम, दुपारी पडेल.' आयलर शिडीशी उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा पोहायच्या चड्डीत. गोदामाच्या अंधारात ठेवलेल्या बटाट्याइतका पांढरा. कुणी हसलं नाही. बिर्थेने तर तोंड फिरवलं.

"टॉवेल कोण धरणार?" रिग्मोरने विचारलं.

"प्रेबेन," आयलर म्हणाला.

प्रेबेनने टॉवेल घेतला. मंडळाच्या घटनेत नसलेलं काम त्याने पहिल्यांदाच केलं.

दोघं उतरली. ती पोहत, दोराला एक हात लावून. तो शेजारून चालत, छातीपर्यंत पाण्यात, मधूनच तिच्या लाल टोपीकडे बघत. हळूहळू पाणी त्याच्या खांद्याशी आलं. मग गळ्याशी. चराच्या कडेला येऊन तो थांबला. चराच्या अलीकडचा शेवटचा खांब त्याने हाताने धरला. रिग्मोर थांबली.

जेटीवरून आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. नंतर तिनेच सांगितलं. ती म्हणाली, "दोर आहे. धरून ये. वीस मीटर." तो म्हणाला, "हो." दोर दोन्ही हातांनी धरला. पाऊल पुढे टाकलं. आम्हाला दिसलं ते एवढंच की त्याचं डोकं पाण्याखाली गेलं, आणि लगेच परत वर आलं, मागच्या जागी. पुन्हा एकदा गेला, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा त्याने पाऊल टाकलं नाही. खांबाला धरून उभा राहिला, पाणी हनुवटीशी.

"जा तू," तो म्हणाला. "माझ्या नजरेसमोर आहेस. म्हणजे तू एकटी नाहीस."

ती गेली. वीस मीटर. पलीकडे पायाखाली वाळू लागली तशी ती उभी राहिली, चालत दांड्याच्या माथ्यावर गेली, आणि दक्षिणेकडे वळली. डोळ्यांवर हात आडवा धरला. लाल टोपी उन्हात चमकत होती. मग तिने ओरडून सांगायला सुरुवात केली. वाऱ्याविरुद्ध तिचा आवाज आमच्यापर्यंत तुटक तुटक येत होता, पण आयलरपर्यंत सगळा पोचत असणार, तो चराच्या अलीकडेच तर होता.

"मनोरा दिसतोय!"

आयलर ऐकत होता.

"पॉप्लर वाढलेत! एक पडलाय, तिसरा!"

"घर?" आयलर ओरडला. त्या वर्षीचं त्याचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य.

ती दोन पावलं आणखी पुढे गेली. "रंग दिलेला नाही!" मग म्हणाली. "पण खिडकी उघडी आहे. काचेवर ऊन आलंय!"

दहा मिनिटं झाली. नेहमी ती दहा मिनिटांनी वळून हात करायची. त्या दिवशी वळली नाही. पंधरा झाली. ती गावाकडे पाठ करून उभी होती, आणि तो तिच्याकडे तोंड करून, मधे चर.

"वारा पडतोय," प्रेबेन माझ्या शेजारी पुटपुटला. टॉवेल त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "दुपारी म्हणाला होता, आत्ताच पडला. बुचं बघ. पाणी वळतंय. हाक मारू का मी?"

"गप्प बस," डाग्नीबाई म्हणाल्या. "तास संपायला अजून वेळ आहे."

पाणी परतायला लागलं होतं. आम्ही जेटीवर होतो, आम्हाला ते खांबांच्या ओल्या रेघांवरून कळलं. आयलरला आमच्या आधी कळलं असणार. ते त्याच्या हनुवटीवर होतं, मग ओठांच्या कडेला. हाक मारली असती तर ती लगेच वळली असती.

त्याने हाक मारली नाही. त्याने फक्त मान थोडी वर केली.